न दुखणारा पाय : कुष्ठरोगाकडून मधुमेहाकडे



आजचा विषय पायाचा आहे. तळपायाची आग, मुंग्या, सुया टोचल्यासारखं होणं आणि बधिरपणा, यांवर माणसानं आजवर काय काय उपाय केले त्याचा हा इतिहास. तत्त्वज्ञानाचा मास्तर या विषयाकडे कसा वळला, असं कुणी विचारील. वेदना म्हणजे काय, हा तत्त्वज्ञानातला फार जुना प्रश्न आहे आणि सत्तरी ओलांडलेल्या माणसाला पायाचा प्रश्न रोज सकाळी भेटतो. माझ्या नावामागे ‘डॉक्टर’ आहे तो तत्त्वज्ञानाचा. तेव्हा माझं ऐकून कुणी गोळी सुरू करू नये आणि बंदही करू नये. पण या उपायांमागचा इतिहास बऱ्याच जणांना ठाऊक नसतो, आणि त्याचा मोठा भाग आपल्या महाराष्ट्रात घडलेला आहे.

आधी एक फरक लक्षात घेऊ. पायाच्या नसा बिघडल्या की दोन तक्रारी होतात. एक म्हणजे दुखणं: आग, चमका, रात्री पांघरुणाचा स्पर्शही नकोसा होणं. दुसरी म्हणजे न कळणं: पायात चप्पल आहे की निसटली तेही समजत नाही. पहिल्या तक्रारीनं माणूस झोपेतून उठतो आणि दवाखाना गाठतो. दुसरीसाठी कुणी दवाखान्यात जात नाही. जे जाणवतच नाही त्याची तक्रार कोण करणार? आणि पाय जातो तो बहुधा या दुसऱ्या तक्रारीमुळे. आजचं सगळं व्याख्यान या एका वाक्याचा विस्तार आहे असं समजा.

आपल्या जुन्या वैद्यांना दोन्ही तक्रारी ठाऊक होत्या. सुश्रुतसंहितेत वातव्याधींच्या प्रकरणात पाददाह आणि पादहर्ष अशी दोन वेगळी नावं येतात. पाददाह म्हणजे तळपायाची आग आणि पादहर्ष म्हणजे आपण ज्याला मुंग्या म्हणतो ते. चरकसंहितेत प्रमेहाची पूर्वलक्षणं सांगताना हातापायांची सुप्तता आणि दाह यांचा एकत्र उल्लेख आहे. आज मधुमेहाचा डॉक्टर हीच जोडी विचारतो. कुष्ठाच्या पूर्वलक्षणांतही स्पर्श न कळणं सांगितलेलं आहे. प्रमेह आणि कुष्ठ हे दोन आजार पायाच्या बधिरपणाशी येऊन भेटतात, हे निरीक्षण किमान दीड-दोन हजार वर्षं जुनं आहे. आजच्या कथेतली पात्रंही हीच दोन.

आता जरा तत्त्वज्ञान. न्यायदर्शन सांगतं की त्वगिंद्रिय साऱ्या शरीरभर पसरलेलं आहे. पण नुसत्या इंद्रियानं ज्ञान होत नाही. वस्तू, इंद्रिय, मन आणि आत्मा यांची साखळी जुळावी लागते. साखळीचा एक दुवा सुटला की काटा पायात असतो आणि ज्ञान मात्र नसतं. युरोपात १६४१ साली देकार्तनं आपल्या सहाव्या चिंतनात नेमका पायाचाच दाखला घेतला. पायापासून मेंदूपर्यंत नस दोरीसारखी जाते. दोरी मधेच कुठे ओढली गेली, तरी मेंदूला वाटतं की पायच दुखतोय. त्याच्या दुसऱ्या एका ग्रंथात, तो त्याच्या मृत्यूनंतर छापला गेला, विस्तवाजवळ पाय नेलेल्या मुलाचं चित्र आहे. दोरी इथे ओढली की तिथे घंटा वाजते, अशी ती कल्पना. आज शरीरशास्त्र खूप पुढे गेलंय, दोरीची उपमा तोकडी पडते. पण एक गोष्ट त्यानं अचूक हेरली होती. दोरी मधेच बिघडली तर घंटा विनाकारण वाजू शकते. ही झाली पायाची आग. आणि दोरी तुटली तर घरात चोर शिरला तरी घंटा वाजत नाही. हा झाला बधिरपणा. एकाच पायात दोन्ही एकदम असू शकतात. म्हणून तर पेशंट म्हणतो, ‘पाय बधिर आहे आणि दुखतोही,’ आणि घरातल्यांना वाटतं की म्हातारा काहीतरीच बोलतोय. तो अगदी बरोबर बोलत असतो. मणक्यापासून पायाच्या बोटापर्यंत जाणारे तंतू शरीरात सगळ्यात लांब असतात, म्हणून बिघाड आधी तिथे दिसतो आणि पायमोजा चढवावा तसा वर वर सरकतो.

इथून आपण महाराष्ट्रात येऊ.

एकोणिसाव्या शतकात मुंबईत डॉ. भाऊ दाजी लाड होते. प्राच्यविद्येचे पंडित, समाजसुधारक आणि ग्रँट मेडिकल कॉलेजमधून बाहेर पडलेल्या पहिल्या डॉक्टरांपैकी एक. त्यांनी कुष्ठरोगावर कडू कवठीच्या बियांच्या तेलाचे प्रयोग केले आणि त्यांची चर्चा परदेशापर्यंत गेली. १८७४ साली ते वारले. त्याच्या आदल्या वर्षी, १८७३ मध्ये, नॉर्वेत हान्सेननं कुष्ठरोगाचा जंतू शोधला होता. हा आजार दैवी कोप नव्हे, पूर्वजन्मीचं पाप नव्हे, तो जंतूंचा आहे, आणि जंतू नसांमध्ये घर करतो. पण शोध लागला म्हणून समाजाची भीती गेली नाही. १८९० साली मुंबईत माटुंगा-वडाळ्याच्या बाजूला महारोग्यांसाठी आश्रयस्थान निघालं, त्याला म्युनिसिपल कमिशनर अॅक्वर्थ यांचं नाव मिळालं. मराठीच्या अभ्यासकांना हे नाव वेगळ्या कारणानं माहीत असतं. शंकर तुकाराम शाळिग्राम यांच्या सोबतीनं मराठी पोवाड्यांचा संग्रह करणारे ते हेच अॅक्वर्थ. माणूस रसिक होता, संस्था गरजेची होती; पण तिचा पहिला हेतू रस्त्यावरचे रोगी शहराच्या नजरेआड नेणं हा होता, हे विसरून चालणार नाही.

पुढच्या पिढीनं वेगळं वळण घेतलं. १९३६ साली मनोहर दिवाणांनी विनोबांच्या प्रेरणेनं वर्ध्याजवळ दत्तपूरला काम सुरू केलं. सेवाग्राम आश्रमात गांधीजी परचुरेशास्त्रींची शुश्रूषा स्वतःच्या हातांनी करत. अमरावतीला डॉ. शिवाजीराव पटवर्धनांचं तपोवन उभं राहिलं, वरोऱ्याला बाबा आमट्यांचं आनंदवन. १९५१ साली वर्ध्यात गांधी स्मारक कुष्ठरोग प्रतिष्ठान स्थापन झालं. तिथल्या डॉ. वारदेकरांनी पद्धतच बदलली. रोग्याला आश्रमात आणून ठेवायचं नाही. आपणच गावोगाव जाऊन पाहणी करायची, लोकांना समजावून सांगायचं आणि घरीच औषध द्यायचं. कार्यकर्ता घरोघर जायचा, चट्टा दिसला की त्यावर पीस, कापूस किंवा पेनाचं टोक टेकवायचा आणि डोळे मिटून बोट ठेवायला सांगायचा. स्पर्श कळतो की नाही, एवढीच परीक्षा. मशीन नाही, वीज नाही, आणि निदान मात्र पक्कं.

औषधही मिळालं होतं. १९४० च्या दशकात सल्फोन गटातली औषधं आली, त्यातली डॅप्सोनची गोळी स्वस्त होती. पुढे जंतू तिला दाद देईनासे झाले. तेव्हा १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला रिफाम्पिसिन, क्लोफॅझिमिन आणि डॅप्सोन अशी बहुविध औषधांची पद्धत आली. ती ज्या जिल्ह्यांत पहिल्यांदा राबवली गेली त्यांत वर्धा होता. रोग बरा होऊ लागला.

आणि इथेच एक कोडं समोर आलं. माणूस बरा झाला, अंगात जंतू उरला नाही, तरी पायाला जखमा होतच राहिल्या. बोटं झडत राहिली. लोक म्हणायचे, रोग गेलेलाच नाही. डॉक्टरसुद्धा म्हणायचे, या रोगात मांसच सडतं.

हे कोडं सुटण्यात तमिळनाडूतल्या वेल्लोरचा वाटा मोठा आहे. डॉ. पॉल ब्रँड तिथे १९४६ साली सर्जन म्हणून आले. जन्म तमिळनाडूच्याच डोंगरातला, आईवडील मिशनरी. त्यांनी कुष्ठरुग्णांची प्रत्येक जखम कुठून आली याचा माग काढायला सुरुवात केली. गरम भांडं धरलं म्हणून, चपलेतला खिळा वर आला म्हणून, गंजलेलं कुलूप जोर लावून उघडलं म्हणून. काही जणांची बोटं रात्रीतून नाहीशी व्हायची. पाळत ठेवली तर कळलं की झोपेत उंदीर कुरतडतात आणि माणसाला जाग येत नाही. त्यावर उपाय म्हणून घरी जाणाऱ्या रुग्णाला सोबत मांजर दिलं जाऊ लागलं. ऐकायला गंमत वाटते; पण त्यामागचा सिद्धांत नीट पाहा. मांस सडत नाही. मांस तुमच्या-आमच्यासारखंच निरोगी आहे आणि जखम भरून काढायला तयार आहे. गेली आहे ती फक्त राखण. तुम्ही-आम्ही चालताना नकळत पाय बदलतो, लंगडतो, खडा टोचला की थांबतो. तो माणूस फोडावर त्याच चालीनं मैलभर जातो. दुखलं असतं तर तो थांबला असता.

एकदा कारण कळल्यावर उपाय बदलले, आणि ते आश्चर्य वाटावं इतके साधे होते. तळपायाच्या जखमेला मलमापेक्षा विश्रांती हवी. पण माणसाला घरी बसवून भागत नाही, पोट असतं. म्हणून पायाच्या आकाराला तंतोतंत बसणारं प्लास्टर घालायचं, म्हणजे वजन साऱ्या तळव्यावर पसरतं आणि चालता चालता जखम भरते. जखम भरल्यावर मऊ मायक्रोसेल्युलर रबराची चप्पल. तिला खिळा मारायचा नाही, शिवायची किंवा चिकटवायची. आणि रोज संध्याकाळी पाय उलटा करून पाहायचा. नस नुकतीच सुजलेली असेल तर वेळेवर स्टिरॉइड देऊन ती वाचवता येते. पाऊल लुळं पडलं असेल तर दुसरीकडचा स्नायुबंध वळवून ते उचलता येतं. आपल्याकडे डॉ. नोशिर अंतिया यांनी अशा शस्त्रक्रिया पुण्याजवळ कोंढव्याच्या कुष्ठरुग्णालयात आणि मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात केल्या. प्लास्टिक सर्जरी म्हणजे श्रीमंतांचं नाक, असा समज होता त्या काळात.

या चपलेनं आणखी एक धडा दिला. ती काळी चप्पल पायात दिसली की गाव ओळखायचं. म्हणून कित्येक रुग्ण ती घालायचेच नाहीत. अनवाणी चालायचे आणि पाय गमवायचे. उपाय पायासाठी बरोबर होता, पण पाय ज्या गावात चालत होता त्या गावाचा विचार त्यात नव्हता.

आता कथेचा दुसरा भाग. १९६६ मध्ये ब्रँड अमेरिकेत लुइझियानातल्या कारव्हिल इथल्या कुष्ठरुग्णालयात गेले. तिथे त्यांना मधुमेह्यांचे पाय दिसले. तीच जखम, त्याच जागी. तिथले डॉक्टर म्हणत होते, साखरेमुळे मांस भरून येत नाही, पाय कापावाच लागेल. ब्रँड आणि त्यांचे सहकारी म्हणाले, याला रक्तपुरवठा ठीक असेल तर भारतातलं प्लास्टर घालून पाहू. जखमा भरल्या. आज मधुमेह्याच्या तळपायाच्या जखमेसाठी तेच प्लास्टर जगभर उत्तम उपाय मानलं जातं. कारव्हिलमध्येच बधिरपणा मोजायच्या नायलॉनच्या दोऱ्याचं माप ठरलं. हा दोरा १० ग्रॅमच्या दाबाला वाकतो. तळव्यावर टेकवल्यावर तो वाकेपर्यंत कळलं नाही, तर पाय धोक्यात आहे असं समजायचं. आपल्या गावोगावच्या कार्यकर्त्याच्या हातातलं पीस आणि हा दोरा यांच्या मागचा विचार एकच. आणि ते मायक्रोसेल्युलर रबर? आज शहरातल्या झगमगीत दुकानात ‘डायबेटिक फुटवेअर’ म्हणून मिळतं ना, तेच. ज्यांना गावाबाहेर काढलं त्यांच्या पायांवर हे ज्ञान तयार झालं, आणि आज ते गावातल्या मान्यवरांचे पाय वाचवतंय. या ऋणाची नोंद मी आज करतोय.

आता दुखण्याच्या औषधांकडे येतो, कारण तुमच्यापैकी निम्म्यांना तेच ऐकायचं आहे.

नसेच्या दुखण्यावर साधी अंगदुखीची गोळी फारसं काम करत नाही, आणि मधुमेह्यानं ती महिनोन्महिने खाल्ली तर किडनीला त्रास होतो. गुण आला तो मुळात दुसऱ्याच आजारांसाठी बनवलेल्या औषधांनी. अॅमिट्रिप्टिलिन हे नैराश्यावरचं औषध, साधारण १९६० पासूनचं. ते थोड्या मात्रेत नसेचं दुखणं शांत करतं. गॅबापेंटिन आणि तिची धाकटी बहीण प्रीगॅबालिन या मिरगीवरच्या औषधांच्या घराण्यातल्या. ड्युलोक्सेटिन पुन्हा नैराश्याच्या घराण्यातलं. २०२२ साली ब्रिटनमधल्या ‘ऑप्शन-डीएम’ नावाच्या अभ्यासात अॅमिट्रिप्टिलिन, ड्युलोक्सेटिन आणि प्रीगॅबालिन यांची तुलना झाली. कशानंही सुरुवात केली तरी आराम जवळपास सारखाच आढळला, आणि एकानं न भागल्यास दुसरं जोडून फायदा झाला. म्हणून निवड ठरते ती माणूस पाहून. अॅमिट्रिप्टिलिननं तोंड कोरडं पडतं, लघवी अडखळू शकते. हृदयाचा, प्रोस्टेटचा किंवा काचबिंदूचा त्रास असेल तर डॉक्टरांना आधी सांगायला हवं. प्रीगॅबालिननं गुंगी येते, पायाला सूज येऊ शकते. म्हाताऱ्या माणसाला रात्री उठताना सांभाळावं लागतं. ही औषधं मनानं एकदम बंद करायची नसतात. मिरचीतला जो तिखट अंश, कॅप्सेसिन, त्याचं मलम आणि पट्टीही या आगीवर वापरतात. पण घरची मिरची वाटून पायाला लावू नका, बरं का.

ही सगळी औषधं घंटेचा खोटा आवाज कमी करतात. तुटलेली दोरी जोडत नाहीत. आग थांबली म्हणजे नस बरी झाली, असा समज करून घेणारा माणूस पूर्वीपेक्षा जास्त धोक्यात असतो, कारण त्याचं पायाकडे जाणारं लक्षही आता गेलेलं असतं.

मग मुळावरचा उपाय कोणता? आधी कारण शोधायचं. मधुमेह असेल तर साखर ताब्यात ठेवायची. १९९३ साली प्रसिद्ध झालेल्या मोठ्या अमेरिकी अभ्यासानं दाखवून दिलं की, पहिल्या प्रकारच्या मधुमेहात साखर काटेकोर सांभाळली तर नसांचा बिघाड निम्म्याहून जास्त टळतो. दुसऱ्या प्रकारात, जो आपल्याकडे घरोघरी आहे, फायदा त्याहून कमी, पण उपाय सोडून देण्याइतका कमी नाही. ब-१२ जीवनसत्त्व कमी असेल तर ते भरून काढायचं. शुद्ध शाकाहारी माणसाला आणि वर्षानुवर्षं मेटफॉर्मिन घेणाऱ्याला हे तपासून घ्यावंच लागतं. कमतरता असेल तर इंजेक्शनाचा उपयोग होतो. नसेल तर दर आठवड्याला ‘ताकदीची सुई’ टोचून घेण्यात फारसा अर्थ नाही. दारू हे एक कारण. क्षयाच्या आयसोनियाझिडनं नसा बिघडू शकतात, म्हणून त्यासोबत ब-६ देतात. आणि कुष्ठरोग संपला असं समजू नका. २००५ च्या अखेरीस देशात त्याचं प्रमाण दहा हजारांत एकापेक्षा खाली आलं. तरी दरवर्षी लाखाच्या आसपास नवे रुग्ण सापडतात. अंगावर न खाजणारा, स्पर्श न कळणारा चट्टा असेल तर सरकारी दवाखान्यात जा. औषध फुकट आहे.

आता आपल्या पाचोडबद्दल बोलतो. २०२३ च्या राष्ट्रीय पाहणीनं देशात दहा कोटींहून जास्त मधुमेही असल्याचं सांगितलं. हा आजार आता फक्त शहरातल्या खुर्चीवर बसणाऱ्यांचा उरलेला नाही. पण शहरातला बधिर पाय गालिच्यावर चालतो आणि आपला बधिर पाय कपाशीच्या सऱ्यांतून, पऱ्हाट्यांच्या खुंटांवरून, मोसंबीच्या बागेतल्या काट्यांवरून चालतो. उन्हाळ्यात डांबरी रस्त्यावरून अनवाणी मंदिरात जातो. पैठणहून नाथांची पालखी पंढरीला निघते, तिच्यात कितीतरी जण अनवाणी असतात. श्रद्धेवर मी बोलणार नाही. पण ज्याच्या पायाला चटका कळत नाही, त्यानं चप्पल घालून चालावं. विठोबा पायातली चप्पल मोजत नाही. थंडीत गार पडलेला पाय शेकायला गरम पाण्याची पिशवी घेऊ नये. पाण्याचा अंदाज पायानं घेऊ नये, कोपरानं घ्यावा किंवा घरच्या माणसाला हात घालून पाहायला सांगावं. भोवरी ब्लेडनं कापू नये. चप्पल घालण्याआधी झटकून आत हात फिरवावा. आणि रोज रात्री तळवा पाहावा. वाकता येत नसेल तर आरसा जमिनीवर ठेवावा, नाहीतर नातवाला सांगावं. लाल डाग, फोड, पाणी दिसलं की दुसऱ्याच दिवशी दवाखाना. दुखत नाही म्हणून थांबायचं नाही. न दुखणं हीच घाईनं जाण्याची खूण आहे.

हे फार मोठं शास्त्र नाही. जामखेडला डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांनी १९७० पासून गावातल्या, बऱ्याचदा अक्षरओळख नसलेल्या बायकांना आरोग्यसेविका केलं. त्या बायकांनी गावातले कुष्ठरुग्ण शोधले, त्यांना गावातच ठेवून उपचार केले. जामखेडच्या दवाखान्यात कुष्ठरुग्ण इतरांच्या रांगेतच बसायचा. आपल्या पाचोडमध्येही आरोग्याच्या संस्थेनं गावातल्या बायका आणि किशोरवयीन मुलींच्या जोरावर केलेलं काम बाहेरच्या लोकांनी येऊन अभ्यासलं आहे. म्हणजे माणसं आहेत, सवय आहे. आपल्या आशाताईंच्या पिशवीत तो नायलॉनचा दोरा असावा आणि वर्षातून एकदा प्रत्येक मधुमेह्याच्या तळव्याला तो लागावा, एवढीच मागणी मी या व्यासपीठावरून करतो. तिला खर्च जवळजवळ नाही.

देकार्तला वाटलं होतं की शरीर राखायला निसर्गानं वेदनेची घंटा बांधून दिली आहे. घंटा बंद पडल्यावर काय करायचं, ते त्यानं सांगितलं नाही. ते आपल्याला वर्ध्याच्या, वेल्लोरच्या, कोंढव्याच्या कुष्ठरुग्णांनी शिकवलं: घंटेचं काम डोळ्यांनी, हातांनी आणि शेजारच्या माणसानं करायचं. एकट्या पायानं ते होत नाही.

वेळ झाली आहे. आज घरी गेल्यावर दिव्याच्या उजेडात स्वतःचे तळवे पाहा आणि घरातल्या वडीलधाऱ्यांचेही पाहा.